धूळधाणीचा गोळा

नानांनी तोंड उघडलं आणि त्यातून नुसती हवा बाहेर आली.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

त्यांनी पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला, आणि शेवटी गंजलेलं दार करकरावं तसा एक शब्द आला.

"चहा."

मी हसले. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि हसू आवरलं. नाना म्हणजे माझे वडील, हरिभक्तपरायण हर्डीकरबुवा. आजूबाजूच्या गावांत त्यांचं कीर्तन म्हटलं की माणसं संध्याकाळची कामं दुपारीच उरकत. ती सगळी करामत त्या गळ्याची होती, आणि आज तो गळा बसला होता.

आम्ही चांदवलीला होतो. सातारच्या बाजूला मल्हारकडा नावाचा किल्ला आहे, त्याच्या पायथ्याशी हे गाव. तिथल्या देवीच्या चैत्री उत्सवात दरवर्षी नानांची कीर्तनं असत. पेटीला दत्तूकाका, तबल्यावर देवळातलाच गणपत गुरव, आणि मागे उभी राहून झांज वाजवायला नि ध्रुवपद उचलायला मी. त्या वर्षी बी. एस्सी.ची परीक्षा आटोपून मी थेट तिथेच आले होते. पदार्थविज्ञान हा माझा विषय.

त्याच आठवड्यात आपल्या देशाचा पहिला उपग्रह, आर्यभट्ट, रशियातून आकाशात सोडला गेला होता. रेडिओवर बातमी आली आणि चांदवलीत दुसरं बोलणं उरलं नाही. पारावर, विहिरीवर, देवळाच्या मुदपाकखान्यात सगळीकडे एकच प्रश्न. ते वर टांगलंय कशाला? कुणी म्हणे, वर लोहचुंबक आहे. कुणी म्हणे, खालून रशियाने वारा धरलाय. पोळ्या लाटणाऱ्या बायकांना निराळीच काळजी होती. देवळाच्या कळसावरून गेलं तर चालतं का?

आदल्या संध्याकाळी नानांचं कीर्तन असं काही रंगलं की आरतीच्या आधी त्यांनी उत्साहाच्या भरात जाहीर करून टाकलं, "उद्या उत्तररंगात आर्यभट्ट! माणसाने आकाशात ठेवलेली वस्तू खाली का पडत नाही, ते उद्या आपण देवीसमोर उलगडून पाहू!"

टाळ्यांनी मंडप दणाणला. त्या आनंदात नानांनी बर्फ घातलेला उसाचा रस दोन पेले रिचवला. मग ओवरीत आम्ही उतरलो होतो तिथे येऊन मला हळूच विचारलं, "इंदे, खाली का पडत नाही ग?"

"उद्या सांगते," मी म्हटलं होतं.

आणि आता उद्या उजाडला होता.

गणपत गुरवाने ज्येष्ठमध आणलं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, गळ्याभोवती लोकरीचा मफलर आला. चैत्रातल्या उन्हात मफलर गुंडाळून बसलेले नाना घाम पुसत होते तेवढ्यात तात्यासाहेब गोलंदाज आले.

तात्यासाहेब उत्सवाचे प्रमुख. भरघोस पांढऱ्या मिशा, हातात चांदीच्या मुठीची काठी. त्यांचे पणजोबा मल्हारकड्यावरच्या तोफेचे गोलंदाज होते, आणि त्यावरूनच घराण्याला आडनाव मिळालेलं. ती तोफ अजून बुरुजावर आहे. तिचं नाव धूळधाण.

"बुवा, ऐकलं ते खरं का?"

नानांनी मान डोलावली.

"आता हो? पाडळीहून गाड्या जुंपल्यात. कधी न्हाई ती पाडळीची माणसं यायला लागलीत, का, तर तुम्ही आर्यभट्ट सांगणार म्हणून. आन् आता त्यास्नी काय सांगू, बुवांनी रस पिला?"

पाडळी म्हणजे नदीपलीकडचं गाव. चांदवली आणि पाडळी यांचं पिढ्यान् पिढ्या पटत नसे.

"बघा बुवा," तात्यासाहेब काठी टेकून बसले, "तुमचा मान मोठा हाय. पण पोरं माझ्या मागं लागल्यात. म्हणत्यात, पाडळीनं उत्सवात शिनेमाचा पडदा लावला, आपण अजून कीर्तनच धरून बसलोय. आज फजिती झाली तर पुढच्या सालापासनं मला त्यांचं तोंड धरता यायचं न्हाई."

नानांनी फक्त उजवा हात उचलला आणि बोट माझ्याकडे केलं.

"मी?" मी उडालेच. "नाना, मी झांज वाजवते. मी कीर्तन करत नाही."

बोट तिथेच.

"पोरगी?" तात्यासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "चांदवलीच्या देवीपुढं आजवर बाईमाणूस कीर्तनाला उभं राहिलेलं न्हाई."

गणपत गुरव कोपऱ्यात तबल्याच्या वाद्या ओढत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "देवी सोता बाईमाणूसच हाय की, तात्यासाहेब."

तात्यासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग गाभाऱ्याच्या दिशेने पाहिलं. "बघा," म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर." आणि काठी आपटत निघून गेले.

ते गेल्यावर मी नानांवर चिडले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. मला पुण्याला एम. एस्सी. करायचं होतं, प्रयोगशाळा, पांढरा कोट, शांत खोली. लहानपणापासून नानांच्या मागे उभी राहून सगळी कीर्तनं मला पाठ होती, पण पुढे उभं राहण्याचा विचार कधी मनात आला नव्हता. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुजबुजले, "झालं? आता सांग. खाली का पडत नाही?"

हे तरी मला येत होतं. मी सुरुवात केली.

"पृथ्वी उपग्रहाला आपल्याकडे ओढते."

"मग तो खाली आला पाहिजे."

"पण त्याला वेग असतो. आडवा."

"असेना. ओढ खालीच आहे ना? मग?"

"मग तीच ओढ त्याला वर्तुळात फिरवायला वापरली जाते. म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या..."

"वापरतं कोण?"

"कोणी नाही हो, नाना! समीकरण मांडलं की दोन्ही बाजू बरोबर येतात."

नानांनी मफलर सैल केला. "देवीपुढे समीकरण मांडणार आहेस?"

मी असं अडण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला अगदी हेच विचारलं होतं. मी फळ्यावर सगळं बिनचूक मांडलं. ते म्हणाले होते, "छान. आता खडू खाली ठेवा आणि नुसतं सांगा." आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले होते. गुण चांगले पडणार हे मला ठाऊक होतं. तरी इकडे येताना एस.टी.त तोच क्षण डोक्यात घोळत होता.

"मला ते नीट कळलेलंच नाही वाटतं," मी म्हटलं.

नाना कुजबुजले, "मग सोपं आहे. ज्याला कळलेलं नाही त्यालाच ठाऊक असतं, अडतं कुठे. हे बघ, कीर्तनात आधी माणूस उभा करायचा. ऐकणाऱ्याला ज्याची काळजी वाटेल असा. मग त्याला अडचणीत घालायचं. सिद्धांत मग आपोआप त्याच्या मागून येतो."

"उपग्रहात माणूस नाही."

"मग शोध कुठे आहे तो." एवढं बोलून त्यांचा होता तोही आवाज गेला, आणि ते भिंतीकडे तोंड करून गुळण्या करायला लागले.

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसले. समोर मल्हारकडा उन्हात तापला होता. पाडळीच्या पहिल्या गाड्या येऊन पोचल्या होत्या, बैल सोडून चिंचेखाली बांधले होते, आणि बैलांना पाणी दाखवायच्या आतच भांडण जुंपलं होतं. पाडळीचे सरपंच दौलतराव, उंच, सडसडीत, पानाने ओठ रंगलेले, चांदवलीच्या चौघा-पाचजणांसमोर हात नाचवत होते.

"अरे जा! म्हणं आमची वेस फोडली! तुमच्या धूळधाणीचा गोळा नदीसुदीक ओलांडला न्हाई. डुबुक! डोहात पडला, आन् मासं तेवढं मेलं."

"वेशीचा दगुड अजून फुटका हाय तुमच्या!"

"त्यो आमच्या गाडीचा आस लागून फुटला!"

या भांडणाबद्दल मी लहानपणापासून दरवर्षी ऐकत आले होते. धूळधाणीचा गोळा पाडळीच्या वेशीपर्यंत पोचला की नदीत पडला? चांदवलीचं पोर बोलायला लागलं की पहिल्यांदा हे शिकत असावं. मी ऐकत बसले, हसत बसले, आणि एकदम उभी राहिले.

कॉलेजच्या पुस्तकात एक आकृती होती. उंच डोंगर, त्यावर तोफ, आणि तोफेतून निघालेल्या वाकड्या रेषा, एक जवळ पडणारी, एक लांब, एक त्याहून लांब. कुणा जुन्या शास्त्रज्ञाने केलेली कल्पना. मी ती परीक्षेसाठी दहादा काढली होती, पट्टी लावून, सुबक. त्या तोफेपाशी कुणी उभं असेल असं काही मला कधी वाटलं नव्हतं.

मी ओवरीत धावले. "नाना, माणूस सापडला!"

नानांनी गुळणी टाकली आणि भुवया वर केल्या.

"तात्यासाहेबांचे पणजोबा."

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. आवाज नसलेला माणूस हसतो तेव्हा भयंकर दिसतो.

दिवेलागणीला मंडप भरला. चांदवली डाव्या हाताला, पाडळी उजव्या हाताला, मध्ये जाण्यायेण्यापुरती वाट. मी आईचं जांभळं लुगडं नेसले होते, कमरेला नानांचं उपरणं, हातात त्यांची चिपळी. नाना माझ्या मागे, माझ्या जागी, हातात झांज घेऊन उभे. मी देवीला नमस्कार केला, वळले आणि एवढे चेहरे समोर पाहून घाईनेच नमन सुरू केलं.

पूर्वरंग कसाबसा झाला. नमनाला मी पट्टी इतकी वर धरली की अंतऱ्याला आवाज चिरकला. गणपतने लय वाढवली, मी मागे राहिले. निरूपणात एक वाक्य विसरले आणि आधीचंच वाक्य पुन्हा म्हटलं. पाडळीच्या बाजूने कुणीतरी खाकरलं. मागून नानांची झांज मात्र एकसारखी वाजत राहिली, माझ्याहून पुढेही नाही, मागेही नाही, मी जिथे येईन तिथे ती हजर.

मग मध्यंतर. कीर्तनात पूर्वरंग संपला की गावातला मोठा माणूस उठतो, कीर्तनकाराला बुक्का लावतो, हार घालतो, नमस्कार करतो. वय-नातं काही बघत नाहीत, कारण त्या जागेवर उभा असणारा नारदाच्या गादीवर असतो. मी थांबले. हाराचं तबक समोर होतं. तात्यासाहेब पहिल्याच रांगेत मिशा चावत बसले होते. ते उठले नाहीत. ते उठेनात म्हणून चांदवलीतलं कुणीच उठेना. गणपतने उगाचच तबला ठोकून बघितला.

तेवढ्यात उजवीकडून दौलतराव उभे राहिले. "काय वो चांदवलीकर," खणखणीत आवाजात म्हणाले, "तुमच्या देवीच्या कीर्तनात बुक्का लावायचं काम पाहुण्यांनी करायचं व्हय?" आणि खरंच तबकाकडे निघाले.

तात्यासाहेब त्या वयात एवढ्या चपळाईने उठतील असं कुणालाही वाटलं नसतं. दौलतराव दोन पावलं येईतो त्यांनी तबक उचललं, माझ्या कपाळाला बुक्का टेकवला, हार घातला आणि घाईघाईने वाकले. मंडपात पहिल्यांदा हशा पिकला. मलाही हसू फुटलं, आणि हसताना छातीवरचं ओझं उतरलं.

"मंडळी," मी म्हटलं, "आजचं आख्यान आर्यभट्टाचं. पण आर्यभट्टाकडे जायची वाट मल्हारकड्यावरून जाते. तेव्हा आधी बुरुजावर जाऊ. तिथे धूळधाण तोफ आहे, आणि तोफेपाशी उभे आहेत आपल्या तात्यासाहेबांचे पणजोबा."

डावी बाजू सरसावून बसली. तात्यासाहेबांनी मिशा चावायचं थांबवलं.

मी पणजोबा उभे केले. कमरेला शेला, हातात पेटती वात, चेहऱ्यावर काजळी, मिशा तात्यांच्याच. त्यांनी पोतंभर दारू ठासली, गोळा घातला, तोंड पाडळीकडे केलं. गणपतने तबल्यावर धडाड् असा बार काढला.

"गोळा निघाला! समोर निघाला. पण निघाल्या क्षणापासून तो पडतोही आहे, कारण धरणी त्याला खाली बोलावते. समोर जातोय आणि पडतोय, समोर जातोय आणि पडतोय... आणि कुठे पडला?" मी थांबले. "नदीत."

पाडळीने जल्लोष केला. टोप्या उडाल्या. डाव्या बाजूला मात्र शांतता पसरली, आणि त्या शांततेत तात्यासाहेब काठी टेकून उभे राहिले.

"पोरी," ते म्हणाले, "देवीसमोर उभी हाईस. खोटं बोलू नगंस. पाडळीची वेस फोडली हुती त्या गोळ्यानं."

त्यांच्यामागे आणखी दहा-बाराजण उठले. मागे झांज थांबली. आता हे कीर्तन इथेच मोडणार असं मला दिसायला लागलं. आणि का कोण जाणे, मला भीतीपेक्षा त्या बुरुजावरच्या पणजोबांची जास्त काळजी वाटली. त्यांना तिथे नदीत गोळा घालवून तसंच उभं ठेवणं बरं नव्हतं.

"फोडली, तात्यासाहेब," मी म्हटलं. "कोण नाही म्हणतंय? पण ती दुसऱ्या गोळ्याने. पहिला नदीत पडला म्हणून तर पणजोबा पेटले! म्हणाले, आणा आणखी एक पोतं दारू!"

पहिला गोळा दौलतरावांचा झाला होता, दुसरा तात्यांचा. भांडायला काही उरलंच नव्हतं.

"अस्सं," तात्यासाहेब म्हणाले आणि खाली बसले. झांज पुन्हा सुरू झाली.

"दुसरा गोळा पाडळीच्या वेशीत. पण पणजोबा आता थांबतात का? आणखी दारू! कुठे गेला?"

"कराडला!" डावीकडून कुणीतरी ओरडलं.

"आणखी!"

"कोल्लापूर!"

"आणखी!"

"समुद्रात!" हे पाडळीकडून. दोन्ही बाजू आता एकत्र ओरडत होत्या.

"समुद्र ओलांडून, मंडळी! पण आता एक गंमत होते. पृथ्वी आहे गोल. गोळा खाली वळतो, आणि त्याच्याखालची जमीनही खाली वळते. जेवढा वेग जास्त, तेवढी ती त्याच्यापासून लांब जाते."

"पर हवा न्हाई का आडवायची त्याला?" मागून एकाने विचारलं.

"अडवणार! म्हणून कडा उंच करा. ढगांच्या वर न्या. त्याच्याही वर, जिथे हवा उरतच नाही तिथे पणजोबांना उभं करा. थंडी आहे, त्यांना घोंगडी द्या."

"दिली!" तात्यासाहेब म्हणाले.

"आता दारू किती?"

"कोठार रिकामं कर!" तात्यासाहेब पुन्हा उभे होते, पण आता काठी हवेत होती. "सगळं घाल!"

गणपतने तबल्यावर दोन्ही तळवे असे आपटले की मंडपाच्या कनातीवरची धूळ खाली आली.

मी आवाज खाली आणला. नाना आणायचे तसा. आपोआप मंडप पुढे झुकला.

"आता नीट बघा. हा मंडप केवढा उंच आहे? गोळा एक म्हणेपर्यंत या मंडपाएवढा खाली आला. पण तेवढ्यात तो पाच मैल पुढे गेला. आणि पाच मैलांवर जमीनही गोलाईमुळे या मंडपाएवढीच खाली वळलेली असते. म्हणजे तो पडला, आणि जमीन होती तेवढ्याच अंतरावर राहिली. पुन्हा एक म्हणा. पुन्हा पडला. पुन्हा जमीन तेवढीच लांब. पडतोय, पडतोय, पडतोय..."

कुणीही हललं नाही. पुढच्या रांगेत बसलेली एक म्हातारी, पदराखाली हात घेतलेली, मोठ्याने म्हणाली, "म्हंजे त्यो पडतच आसतो व्हय ग?"

"पडतच असतो, आजी."

"आन् पडून पडून भुईला लागत न्हाई."

"नाही लागत."

"कुणी धरलेलं न्हाई त्याला?"

"कुणी नाही. लोहचुंबक नाही, वारा नाही. धरणी ओढते, म्हणूनच तो निसटून जात नाही. आणि तो धावतोय, म्हणून भुईला लागत नाही."

म्हातारीने वर मंडपाच्या छताकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग हाताने हवेत एक मोठी गोलाई काढली. "आता कळलं," ती म्हणाली.

मलाही त्याच वेळी कळलं. खरोखर कळलं. फळ्यावर मांडलेल्या दोन्ही बाजू बरोबर का येत होत्या, ते मला त्या म्हातारीच्या हाताकडे बघताना दिसलं. पण थांबायला वेळ नव्हता, कारण गोळा अजून वाटेत होता.

"तर मंडळी! गोळा समुद्रावरून गेला, आफ्रिका गेली, अमेरिका गेली, चीन आला, बंगाल आला, तास-दीड तासात पृथ्वीला वळसा घालून तो परत महाराष्ट्रात शिरला. आणि इकडे मल्हारकड्यावर पणजोबा अजून डोळ्यांवर हात धरून समोर बघतायत, गोळा कुठे पडला म्हणून. आणि गोळा येतोय... मागून!"

"अगं!" तात्यासाहेब किंचाळले. "सरकव त्यास्नी! सरकव!"

"पणजोबा, सरका!" मंडपातून शंभर तोंडं ओरडली, चांदवलीची आणि पाडळीची. दौलतराव तर हात पसरून स्वतःच बाजूला झाले.

"सरकले!" मी म्हटलं. "आणि गोळा कानाजवळून सूं करून पुन्हा निघाला, दुसऱ्या फेरीला. तिसऱ्या. चौथ्या. आता त्याला दारू नको, तोफ नको. तो फिरतच राहतो. मंडळी, हाच आपला आर्यभट्ट. तोफेच्या जागी अग्निबाण, एवढाच फरक. या घडीला तो कुठेतरी पडतो आहे, आणि पडतापडताच आपल्या देशाच्या डोक्यावरून जातो आहे."

पुढचं गजराचं पद मी कुठल्या पट्टीत म्हटलं ते मला माहीत नाही. सगळा मंडप म्हणत होता, त्यामुळे कुणाला कळलंही नसेल. आरती झाली. माणसं नमस्काराला येत राहिली. तात्यासाहेब सर्वांत शेवटी आले. या वेळी सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून, नीट वाकले. उठताना डोळे पुसले.

"माझ्या पणज्याला एवढं मोठं आजवर कुणी केलं न्हाई," म्हणाले. मग आवाज चढवून मागच्या पोरांना सांगितलं, "पडदा लावायचा न्हाई रे! कळलं का?"

ओवरीत आल्यावर नानांनी माझ्या हातातली चिपळी घेतली, फडक्याने पुसली आणि आपल्या पिशवीत न ठेवता माझ्या पिशवीत ठेवली. मला वाटलं, थकव्यात चूक झाली असेल.

पुढे मी एम. एस्सी. केलं. तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. मुलांना आधी समीकरण कधीच दिलं नाही. सुट्ट्यांमध्ये गावोगाव हिंडून ग्रहणावर, धूमकेतूवर, भरती-ओहोटीवर कीर्तनं केली, आणि त्यांची संख्या मी मोजली नाही. कुणी विचारलं, हे दोन्ही कसं जमवता, तर मला त्या दुसऱ्या दिवसाची सकाळ आठवते.

आम्ही सामान बांधत होतो. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. दौलतराव आणि पाडळीचे चारजण नारळ घेऊन पायऱ्यांशी उभे होते.

"बुवा हाईत का?"

नानांनी मफलर सारखा केला, टोपी घातली आणि बाहेर आले. दौलतरावांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि जरा संकोचाने उभे राहिले.

"न्हाई, म्हणजे... आमच्या गावात हनुमानजयंतीला कीर्तन ठेवायचं ठरलंय. पडदा रद्द केला. तर ते... बुवास्नी न्यायला आलोय."

नानांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

दौलतरावांनी मान हलवली आणि नानांच्या खांद्यावरून आत, माझ्याकडे बोट केलं.

मी दोरीची गाठ हातात धरून थांबले होते. मग नाना वळले, चेहराभर हसले, छाती भरून श्वास घेतला, आणि आदल्या दिवसापासून बंद असलेला तो आवाज, चिरका, फाटका, पण अख्ख्या देवळात घुमेल असा बाहेर पडला.

"अहो बुवा! बाहेर या! तुम्हाला बोलावणं आलंय!"